वीतभर कमी

घरात स्टुडिओ थाटणाऱ्या माणसाला गाणं लागत नाही, वायर लागते. गाणं त्याच्याकडे असतंच, तेवढ्यासाठी तर हा सगळा खटाटोप. पण माइकातून निघालेलं गाणं कॉम्प्युटरपर्यंत जायला एक वायर लागते, तिथून बाहेर यायला दुसरी, पुढे दोन स्पीकरांकडे आणखी दोन. आणि या चारांतली एक कायम वीतभर कमी पडते. ती बदलायला माणूस बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जातो आणि येताना वायरीबरोबर एक लहानशी डबी घेऊन येतो. त्या डबीला तीन वायरी लागतात.

२०२० च्या टाळेबंदीत कुणी दाढी वाढवली, कुणी घरी पाव भाजले. त्या दोन्ही गोष्टी यथावकाश थांबल्या. ज्यांनी माइक घेतला, त्यांचं मात्र अजून चालूच आहे. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत असे एक गृहस्थ आहेत. त्यांना सगळे केबलकाका म्हणतात. आधी ते विम्यातले साहेब म्हणून ओळखले जात. पण कुरिअरवाला खाली उभा राहून दर दोन दिवसांनी "काका, केबल आली" असं ओरडायला लागला, तेव्हा नव्याने राहायला आलेल्या एका भाडेकरूने साहजिकच त्यांना टीव्हीचे केबलवाले समजून फोन करून "काका, मॅच दिसत नाहीये" म्हणून तक्रार केली. दुसरा कुणी रागावला असता. काका पक्कड घेऊन गेले, सैल झालेला कनेक्टर आवळला, मॅच लावून दिली आणि टीव्हीचा आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत कसा येतो, हे त्या पोराला समजावत बसले. शेवटची दोन षटकं त्याला ऐकताही आली नाहीत आणि बघताही आली नाहीत.

माणूस मुळात गाण्यातला. कॉलेजात असताना फिरोदिया करंडकासाठी चाली बांधणारा. आवाज अजूनही गोड आहे, लिफ्टमध्ये गुणगुणतात तेव्हा आम्ही एखादा मजला जास्त जातो. पुढे नोकरी, बदल्या, गृहकर्ज यांत चाली वहीत राहून गेल्या. त्या वहीतल्या अकरा चालींचा एक अल्बम करायचा, हा पन्नाशीनंतरचा संकल्प. त्यात वावगं काहीच नव्हतं. बिनसलं ते एवढ्यावरच, की पहिली चाल रेकॉर्ड करण्याआधी 'ती आपल्याला नीट ऐकू तरी येईल ना' याची खात्री करून घ्यायची त्यांना बुद्धी झाली.

स्टुडिओवाले स्पीकरला स्पीकर म्हणत नाहीत, मॉनिटर म्हणतात. घरातला स्पीकर आल्यागेल्याला खूश करायला बनवलेला असतो, थोडा खालचा घुमार वाढवतो, थोडी वरची चमक वाढवतो. मॉनिटरने जे आहे तेच सांगायचं असतं. काकांनी पाच इंची मॉनिटरची जोडी आणली, त्यावर स्वतःचा आवाज ऐकला आणि तो जसा आहे तसा ऐकू आल्यामुळे खचले. त्यांच्या जागी मी असतो तर रियाजाला बसलो असतो. काकांनी खोलीला दोष दिला.

आता खोलीही दोष देण्याजोगी होती, हे मान्य केलं पाहिजे. पाहुण्यांची म्हणून ठेवलेली १० बाय १० ची खोली, उंचीही जवळजवळ तेवढीच. ध्वनिशास्त्राला सगळ्यांत वाईट खोली हवी असेल, तर नकाशा आमच्या बिल्डरकडून मागवावा लागेल. आवाज सेकंदाला सुमारे ३४४ मीटर पळतो. १० फुटांच्या दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या लाटेचा बरोबर अर्धा भाग बसतो आणि तो सूर तिथेच अडकून घुमत राहतो. लांबी, रुंदी, उंची वेगवेगळी असली तर तीन वेगळे सूर घुमतात, कसंतरी निभतं. इथे तिन्ही दिशांनी एकच सूर. त्यामुळे खोलीच्या मध्यावर बसलं तर डग्ग्याचा घुमार गायब, आणि भिंतीला टेकून बसलं तर डग्ग्याशिवाय दुसरं काही नाही. काका आठवडाभर हातात फोन धरून खोलीत रांगत होते. त्यांच्या पत्नीला, म्हणजे आमच्या वहिनींना वाटलं, अंगठी हरवली.

उपाय म्हणून प्रथम अंड्यांचे ट्रे आले. कुठल्याशा जुन्या स्टुडिओचा फोटो पाहून काकांनी कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडून रिकामे ट्रे गोळा केले आणि दोन्ही हातांत धरून, बायाबापड्यांच्या देखत, जिन्याने वर नेले. या घरात श्रावण पाळतात. महिना श्रावणच होता. दोन दिवसांत सोसायटीत वेगळीच चर्चा सुरू झाली आणि काकांच्या मातोश्रींनी खाली कट्ट्यावर जाणं बंद केलं. पुढे कळलं की अंड्यांच्या ट्रेचा उपयोग फक्त अंड्यांना होतो. खालच्या सुरांना त्यांचा पत्ताही लागत नाही. ट्रे उतरले आणि माळ्यावरच्या कापसाच्या जुन्या गाद्या खाली आल्या. त्या गुंडाळून चार कोपऱ्यांत उभ्या केल्या, आणि आश्चर्य म्हणजे फरक पडला. कोपऱ्यातली जाड, भरगच्च वस्तू खालचा घुमार थोडा तरी पितेच, स्टुडिओवाले तिला बेस ट्रॅप म्हणतात. वहिनींनी विचारलं, "पाहुणे आले तर झोपायचं कशावर?"

"बेस ट्रॅपवर," काका म्हणाले. अजून कुणी राहायला आलेलं नाही.

मग बैठक ठरली. पुढच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या ३८ टक्क्यांवर डोकं असावं, असा एक ठोकताळा आहे. म्हणजे या खोलीत जवळजवळ पावणेचार फुटांवर. दोन मॉनिटर आणि ऐकणाऱ्याचं डोकं, असा समभुज त्रिकोण. ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला वरच्या सुरांचा भाग, कानाच्या उंचीला. काकांनी फरशीवर पिवळी चिकटपट्टी लावून खुर्चीच्या पायांच्या जागा आखल्या. त्या जागेवर खुर्ची ठेवली की लोखंडी कपाटाचं उजवं दार उघडत नाही. उजव्या दारामागे वहिनींच्या साड्या आहेत. लग्नकार्य निघालं की त्या आधी त्रिकोण मोडतात, मग साडी काढतात, आणि लग्नाहून परतल्यावर काका टेप घेऊन पुन्हा त्रिकोण मांडतात. गेल्या मार्गशीर्षात मुहूर्त बरेच होते.

त्या खुर्चीत बसण्याचा मान आम्हा प्रत्येकाला मिळालेला आहे. "बसा. तिथे नाही, इथे. जरा मागे. आता हलू नका." मग एक जुनं भावगीत लागतं. आपण माना डोलवायच्या बेतात असतो, तेवढ्यात काका ते थांबवतात. "ऐकलंत?" आपण म्हणतो, वा, काय गायल्यात. "गाणं नाही हो. त्याआधी. बाईंनी श्वास घेतला." पुन्हा लावतात. पुन्हा थांबवतात. "आता डावीकडे, मागे. खुर्ची करकरली. व्हायोलिनवाल्याची." मी त्या गाण्याचा पहिला अंतरा काकांकडे आजवर ऐकलेला नाही. पण त्या दिवशी स्टुडिओत कोण खोकलं, हे मी शपथेवर सांगू शकतो.

आता वायरींकडे वळायला हवं, कारण काका तिकडे केव्हाच वळले होते.

साधी वायर आणि 'बॅलन्स्ड' वायर यांत काय फरक, हा प्रश्न या घरात कुणी विचारलेला नव्हता. तरी उत्तर सगळ्यांना मिळालं. मातोश्रींनाही. "आई, समज तुझ्या दोन्ही सुना एकच निरोप घेऊन घरी निघाल्या. थोरलीने जसा आहे तसा आणला, धाकटीने मुद्दाम उलटा करून आणला. वाटेत शेजारणीने दोघींच्या कानांत सारखीच भर घातली. घरी आल्यावर तू धाकटीचं बोलणं परत उलटं केलंस आणि दोघींचं एकत्र धरलंस. निरोप दुप्पट झाला, आणि शेजारणीची भर एकीची अधिक, दुसरीची वजा, म्हणून कटली." मातोश्रींनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "धाकटी कधी उलटं सांगत नाही. थोरलीच सांगते." वहिनी तिथेच गवार निवडत होत्या. त्या आठवड्यात घरात जी गुणगुण होती, ती कुठल्याही वायरीने गेली नाही.

तयार वायरी महाग आणि लांबीला कधीच मनाजोग्या नसतात, म्हणून काका मीटरवर वायर आणि सुट्ट्या पिना आणून घरीच डाख द्यायला लागले. एका टोकाला पी-३८, म्हणजे तो जाडा जॅक, दुसऱ्या टोकाला तीन पिनांचा कॅनन. "एकला शील्ड, दोनला हॉट, तीनला कोल्ड," असं पुटपुटत रात्री उशिरापर्यंत काम चालायचं. जेवणाच्या टेबलावर डाखेचे मणी सापडायचे. आणि एके रविवारी काकांनी आम्हाला घाईघाईने बोलावलं. आवाज एकदम विशाल झाला होता. गायक खोलीत मावत नव्हता. तो डावीकडेही होता, उजवीकडेही होता, मागेही होता, फक्त समोर नव्हता. "याला म्हणतात वायर!" काका म्हणाले. आम्ही एकेक करून त्रिकोणात बसलो आणि विशालता अनुभवली. कुणाला जरा मळमळल्यासारखं झालं, पण ते शिऱ्यामुळे असेल म्हणून कुणी बोललं नाही. पंधरवड्याने उलगडा झाला. उजव्या वायरीत दोन आणि तीन या पिनांची अदलाबदल झाली होती. डावा स्पीकर पुढे ढकलत होता तेव्हा उजवा मागे ओढत होता, आणि मधल्या मध्ये गायकाचा आणि डग्ग्याचा निकाल लागत होता. काकांनी वायर दुरुस्त केली. गायक समोर आला. काका मात्र जरा उदास दिसले. पूर्वीची विशालता राहिली नाही म्हणाले.

एका जोडीवर विश्वास ठेवू नये, हा पुढचा साक्षात्कार. यामाहाने १९७८ मध्ये पांढऱ्या शंकूचा एक स्पीकर काढला, एनएस-१०. काढला होता घरात बसून गाणी ऐकायला. घरात तो फारसा कुणाला रुचला नाही, कारण कानाला टोचायचा. स्टुडिओवाल्यांनी तो नेमका त्यासाठीच उचलला. यावर जे बरं वाटेल ते कुठेही बरंच वाटणार, हा हिशेब. कित्येक ध्वनिमुद्रकांनी टोचणी कमी करायला त्याच्या ट्वीटरवर टिश्यूपेपर चिकटवला आणि जगभर त्याच्यावर गाणी मिक्स केली. शंकूला लागणारा लगदा मिळेना म्हणून २००१ मध्ये तो बंद झाला. मुंबईतला एक स्टुडिओ आवरत होता, तिथून काकांनी ही जोडी पैदा केली आणि रिक्षातून मांडीवर घेऊन घरी आणली. वहिनींनी दोन मिनिटं ऐकली.

"हा आधीच्यापेक्षा वाईट वाजतो."

"म्हणूनच घेतलाय," काका म्हणाले.

बावीस वर्षांच्या संसारात वहिनींना निरुत्तर झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. पण हा स्पीकर पडला जुन्या वळणाचा. पोटात स्वतःचा ॲम्प्लिफायर नाही. तेव्हा ॲम्प्लिफायर आला. ॲम्प्लिफायर ते स्पीकर ही वायर निराळी, जाडी, आधीच्या साठ्यातली चालत नाही. मग दोन जोड्यांमध्ये अदलाबदल करायला एक बटणांची डबी: आत जाणाऱ्या दोन वायरी, बाहेर पडणाऱ्या चार. दोन्ही जोड्यांना खालचे सूर कमी म्हणून एक सबवूफर, ज्याने कोपऱ्यातल्या गादीची जागा घेतली, म्हणजे गादीने मुश्किलीने घालवलेला घुमार परत आला. रात्री शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून हेडफोन. हेडफोन ८० ओहमचा, म्हणून त्याला निराळा ॲम्प्लिफायर. टेबलामागे आता जे काही आहे, तिथे हात घालायला मोलकरीण नकार देते. वहिनी शाळेत शिक्षिका आहेत. त्यांनी शिस्त म्हणून प्रत्येक वायरीला चिठ्ठी लावायला सांगितली. काकांनी लावल्या. 'डावा मोठा.' 'उजवा मोठा.' 'पांढरा डावा.' एका काळ्या वायरीवर लिहिलंय, 'ही कशाची आहे माहीत नाही. काढू नये. काढली की गुणगुण येते.'

या सगळ्यात गाणं रेकॉर्ड झालं का, असा प्रश्न वाचकाला पडणं स्वाभाविक आहे. प्रयत्न झाला. कंडेन्सर माइक, ४८ व्होल्टचं बटण, २४ बिट, ९६ हजार नमुने दर सेकंदाला. अशा माइकला सगळं ऐकू येतं. कबुतरं, शेजारच्या कुकरची शिट्टी, कचऱ्याच्या गाडीवरचं गाणं. एकदा सगळं शांत असताना काकांनी सूर लावला, तर वहीचं पान उलटल्याचा आवाज आला आणि त्याच्या शोधात संध्याकाळ गेली. कॉम्प्युटरमध्ये 'गाणं १ फायनल' नावाची फाइल आहे. तीत काकांचं "हॅलो, हॅलो, चेक" आहे. इतकं निर्मळ हॅलो मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

मी एकदा त्यांना गौहरजानची गोष्ट सांगून पाहिली. १९०२ मध्ये कलकत्त्याला हॉटेलच्या खोलीत ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गेसबर्गने तिचं गाणं मुद्रित केलं. वीज नाही, माइक नाही, वायर तर नाहीच. विजेवरचं ध्वनिमुद्रण यायला १९२५ साल उजाडलं. एक कर्णा, त्यात तोंड घालून तीनेक मिनिटं गायचं, संपलं. शेवटी स्वतःचं नावही इंग्रजीत सांगून मोकळी झाली बाई. काकांनी गंभीरपणे ऐकलं आणि विचारलं, "खोली केवढी होती?"

पण मी अन्याय करू इच्छित नाही. काकांचा कान खरा आहे, आणि तो गेल्या गणपतीत आम्ही पाहिला. आमच्या मंडपातल्या लाउडस्पीकरची ख्याती अशी, की आरती सोडून त्यावर काही कळायचं नाही. आरती पाठ असते म्हणून कळायची. सतत एक घूं, मधूनच एक कूं. काकांनी मंडपात पाऊल टाकलं आणि म्हणाले, "५० हर्ट्झ." लॅपटॉपचा चार्जर मंडपातल्या बोर्डात, मिक्सर पलीकडे क्लब हाउसच्या बोर्डात; दोन ठिकाणची अर्थिंग, मधे आवाजाच्या वायरीने जोडलेली, म्हणजे विजेला फिरायला गोल रस्ता. मंडपवाल्या पोराने उपाय सुचवला, प्लगची अर्थिंगची पिनच तोडून टाकू. काका इतके मोठ्याने कडाडले की गुरुजींनी मंत्र थांबवला. "माणूस चिकटेल त्या माइकला! आवाज गेला तरी चालेल, अर्थिंग जाता कामा नये." मग दोन्ही प्लग एकाच बोर्डात आणले, लॅपटॉपला ट्रान्सफॉर्मरची डबी लावली, रोषणाईच्या माळांना खेटून आणलेली माइकची साधी लांबलचक वायर काढून घरची बॅलन्स्ड वायर ओढली, आणि बोलणाऱ्याच्या पाठीशी उभा केलेला स्पीकर माइकच्या पुढे नेऊन ठेवला. ही वायर एकदाची पुरली. घूं बंद. कूं बंद. मंडपात अशी शांतता पसरली की आम्हाला एकमेकांशी हळू बोलावं लागलं.

आणि मग सेक्रेटरी बोलायला उभे राहिले. दरवर्षी ते पाऊण तास बोलतात आणि दरवर्षी आम्ही घूंमधून 'धन्यवाद' एवढं ओळखून टाळ्या वाजवतो. यंदा शब्दन् शब्द कळला. पार्किंगचा नवा दर कळला. गच्चीच्या डागडुजीसाठी प्रत्येकी किती, ते कळलं. कुणाच्या कुंड्यांमुळे गळती आहे, ते नावानिशी कळलं. लोक काकांकडे बघायला लागले. शेवटी थकबाकीदारांची यादी आली. तीही दरवर्षी वाचली जायची म्हणे. आम्हाला पत्ताच नव्हता. तिसरा फ्लॅट काकांचा निघाला. दोन तिमाह्या. मुंबईहून पांढरे स्पीकर आले त्याच या तिमाह्या, हा हिशेब वहिनींच्या चेहऱ्यावर तिथल्या तिथे पूर्ण झाला. मी काकांकडे पाहिलं. डोळे मिटलेले, मान किंचित उजवीकडे.

"ऐकलंत?" ते माझ्या कानाशी म्हणाले. "थकबाकीतला थ. काय स्वच्छ आलाय!"

थकबाकी वहिनींनी दुसऱ्या दिवशी भरली. सेक्रेटरींनी पुढच्या वर्षीही ध्वनिव्यवस्था काकांकडेच राहील असं जाहीर केलं असून, ती जुन्या मंडपवाल्याकडे परत द्यावी या अर्जावर पंधरा फ्लॅटधारकांच्या सह्या झाल्या आहेत. अकरा चाली वहीत आहेत. काका सध्या एक वायर शोधताहेत, एका बाजूला पी-३८, दुसऱ्या बाजूला कॅनन, लांबी पावणेदोन मीटर. ती मिळाली की दसऱ्याला रेकॉर्डिंग नक्की. कुणाकडे अशी वायर पडलेली असेल, तर ती थेट त्यांच्या हातात द्या. दुकानाचा पत्ता तेवढा सांगू नका.